लोफेर बीकन दुसऱ्याच्या बीकनवर चढलेला दिसतोय? फ्रिक्वेन्सी हलवायच्या आधी हे तपासा

दर हिवाळ्यात हा प्रश्न नव्याने येतो. उन्हाळ्यातल्या विजांचा खडखडाट कमी झाला की अमेरिकेतले लोफेर, म्हणजे लो फ्रिक्वेन्सीवर प्रयोग करणारे हौशी लोक, १६० ते १९० किलोहर्ट्झमधले आपले बीकन (आपली ओळख मोर्समध्ये पुन्हापुन्हा पाठवणारे छोटे ट्रान्समीटर) परत चालू करतात, आणि थोड्याच दिवसांत कोणीतरी विचारतं की बीकनच्या यादीत माझी फ्रिक्वेन्सी १८५.३०१ किलोहर्ट्झ लिहिलीय, दुसऱ्याची १८५.३०४, मधे चांगली ३ हर्ट्झची जागा आहे, मग लांबच्या माणसाच्या स्क्रीनवर आम्ही दोघं एकमेकांवर कसे दिसतोय? मग एकजण घाईघाईने हलतो, हलून तिसऱ्याच्या अंगावर जातो, आणि जानेवारी येईपर्यंत यादीतली निम्मी माहिती खोटी झालेली असते. इकडे अमेरिकेत राहणाऱ्या आणि रेडिओचा नाद असलेल्या आपल्या मराठी मंडळींसाठी एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतोय, कारण याचा उपाय फ्रिक्वेन्सी बदलण्यात क्वचितच असतो.

ज्यांना ही भानगडच नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेत एफसीसीच्या (तिथल्या रेडिओचे नियम करणाऱ्या सरकारी संस्थेच्या) पार्ट १५ या नियमाखाली १६० ते १९० किलोहर्ट्झवर लायसन्स नसतानाही ट्रान्समीटर चालवता येतो. अट अशी की फायनल स्टेजला जाणारी पॉवर १ वॉटच्या वर नको, आणि अँटेना, ट्रान्समिशन लाइन, अर्थची तार असं सगळं धरून लांबी १५ मीटरच्या वर नको. १८५ किलोहर्ट्झला वेव्हलेंग्थ १६२० मीटरच्या आसपास येते, त्यात आपली तार १५ मीटर, म्हणजे १ वॉटमधले जेमतेम काही मिलीवॅट हवेत जातात आणि बाकीची पॉवर कॉइल आणि जमीन गरम करण्यात संपते. एवढ्याशा सिग्नलवर शेकडो मैल जायचं तर अतिशय हळू मोर्स लागतो, म्हणजे क्यूआरएसएस, ज्यात एक डॉट ३०-३० किंवा ६०-६० सेकंदांचा असतो, आणि तो कानाने ऐकायचा नसतोच, आर्गो किंवा स्पेक्ट्रम लॅबसारख्या सॉफ्टवेअरच्या स्क्रीनवर रेघ म्हणून बघायचा असतो. तिथे १ हर्ट्झ म्हणजे भलं मोठं मैदान. म्हणूनच सगळे १८५.३ च्या आजूबाजूला दाटीवाटीने बसू शकतात, आणि म्हणूनच एकमेकांशी बोलून जागा ठरवावी लागते.

भारतातून वाचणाऱ्यांनी लक्षात घ्या, हा पार्ट १५ फक्त अमेरिकेचा आहे. भारतात आपल्या परवान्यात जे बँड लिहिलेत तेवढेच. पण मोजमापाचा जो भाग पुढे येतोय तो कुठल्याही देशात, कुठल्याही लो फ्रिक्वेन्सीला तसाच लागू होतो.

पहिली गोष्ट, यादीत लिहिलेला आकडा नक्की कशाचा आहे ते विचारा. अर्धी भांडणं इथेच मिटतात. कोणी रिसीव्हरच्या डायलवरचा आकडा लिहितो, म्हणजे यूएसबी (अप्पर साइडबँड) मोडवर डायल १८४.५ आणि ऑडिओत ८०० हर्ट्झला रेघ, तर खरी फ्रिक्वेन्सी १८५.३ होते पण हा लिहितो १८४.५. हे निदान लगेच लक्षात तरी येतं. सीडब्ल्यू (मोर्स) मोडवर काही रिसीव्हर ६०० किंवा ७०० हर्ट्झचा पिच आधीच वजा करून दाखवतात आणि काही नाही दाखवत, तिथे फरक कळायला वेळ लागतो. सगळ्यात त्रासदायक म्हणजे एफएसकेसीडब्ल्यू वाले. यात कॅरिअर कायम चालू असतो, की दाबली की फ्रिक्वेन्सी ४-५ हर्ट्झ वर जाते, सोडली की खाली येते. आता हा माणूस यादीत १८५.३०० लिहितो ते वरचं की खालचं? आणि शिफ्ट वरच्या बाजूला की खालच्या? खालचं लिहिलं असेल तर वरची रेघ १८५.३०५ ला येते आणि तुमचा १८५.३०४ चा बीकन बरोबर मधे सापडतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, तरी टक्कर आहे. म्हणून माझं आग्रहाचं म्हणणं असं की यादीत एक आकडा लिहू नका, जागा लिहा: खालचं टोक, वरचं टोक, आणि थंडी-उन्हात बीकन जितका सरकतो ती रुंदी. फ्रिक्वेन्सी एकमेकांत ठरवायची म्हणजे हीच रुंदी ठरवायची असते.

दुसरी गोष्ट, ज्याच्या स्क्रीनवर टक्कर दिसतेय त्याचा रिसीव्हर. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे की १० मेगाहर्ट्झला डब्ल्यूडब्ल्यूव्ही हे प्रमाणवेळेचं स्टेशन लावून झीरो बीट केलं (दोन्हीतला फरक शून्यावर आणला) की रिसीव्हर सगळीकडे बरोबर झाला. रिसीव्हरच्या आतले सगळे ऑसिलेटर एकाच रेफरन्सवरून चालत असतील तर ते खरं आहे, मग चूक डायलच्या प्रमाणात कमी होत जाते, १ पीपीएमची (दहा लाखांत एक भाग) चूक १० मेगाहर्ट्झला १० हर्ट्झ तर १८५.३ किलोहर्ट्झला जेमतेम ०.१८५ हर्ट्झ. पण बऱ्याच जुन्या सेट्समध्ये बीएफओचा (मोर्सचा स्वर तयार करणाऱ्या ऑसिलेटरचा) किंवा दुसऱ्या मिक्सरचा क्रिस्टल वेगळा असतो आणि त्याची चूक डायल कुठेही असला तरी तेवढीच राहते. तुम्ही १० मेगाहर्ट्झला जी चूक दाबून टाकली ती दोन वेगवेगळ्या चुकांची बेरीज होती, खाली आल्यावर त्यातली एक उरते आणि दुसरी जाते, आणि १८५ ला तुम्ही १०-२० हर्ट्झने बाहेर असता. एसडीआरवाल्यांचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारा रिसीव्हर वापरणाऱ्यांचं, याहून वाईट आहे. स्वस्त डोंगल आणि पुढे अपकन्व्हर्टर (खालची फ्रिक्वेन्सी वर नेणारा डबा) लावला असेल तर त्या अपकन्व्हर्टरचा क्रिस्टल १२५ मेगाहर्ट्झचा असतो, १ पीपीएम म्हणजे १२५ हर्ट्झ, आणि तो क्रिस्टल काही १ पीपीएमवर बसत नाही. अशा सेटवरून कोणी "तुमचा बीकन ४ हर्ट्झ वर आहे" असं सांगितलं तर त्यावर विसंबून काहीही हलवू नका.

मग कॅलिब्रेट कशावर करायचं? जवळचा म्हणून सगळे ६० किलोहर्ट्झच्या डब्ल्यूडब्ल्यूव्हीबी या प्रमाणवेळेच्या स्टेशनकडे जातात, पण २०१२ पासून कोलोरॅडोहून येणारा तो सिग्नल फेज मॉड्युलेशनचा आहे, पाठवल्या जाणाऱ्या बिटप्रमाणे सेकंदासेकंदाला फेज उलटू शकते, त्यामुळे हळू मोडच्या स्क्रीनवर एक स्वच्छ रेघ न दिसता पसरलेलं काहीतरी दिसतं आणि लोक त्यातली चुकीची रेघ धरतात. ब्रॉडकास्ट बँडच्या खालच्या टोकाची एएम स्टेशनं वापरता येतात पण त्यांना नियमाने २० हर्ट्झची सूट आहे, काही जीपीएसवर लॉक असतात काही नसतात, म्हणून एकावर भरवसा नको, चार-पाच बघा आणि ज्यांचं एकमेकांशी जुळतंय त्यांना धरा. सगळ्यात उत्तम म्हणजे घरचा मार्कर. जीपीएसवर लॉक केलेला ऑसिलेटर आता स्वस्तात मिळतो, त्यावरून १८५.२५० ला अगदी बारीक सिग्नल काढायचा, अँटेनाच्या जवळ एक छोटी तार ठेवायची, म्हणजे ऐकणाऱ्याच्या स्क्रीनवर बीकनच्या रेघेशेजारीच मार्करची रेघ येते आणि अंतर सरळ मोजता येतं. मग साउंडकार्ड, रिसीव्हर, डायल या कशाचीच चूक मधे येत नाही. बीकन चालवणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याकडे मार्कर असणं जास्त महत्त्वाचं आहे असं मला ठामपणे वाटतं, कारण एका चांगल्या ऐकणाऱ्याच्या मापावर सगळ्यांच्या जागा ठरवता येतात.

तिसरी गोष्ट ड्रिफ्ट. लोफेरमध्ये ड्रिफ्ट इतका का, याचं कारण नियमातच आहे. ट्रान्समिशन लाइनची लांबीही त्या १५ मीटरमध्ये धरली जाते, म्हणून ट्रान्समीटर घरात ठेवून बाहेर केबल नेता येत नाही, तो अँटेनाच्या बुडाशी अंगणात डब्यात ठेवावा लागतो. म्हणजे दुपारी ऊन, पहाटे बर्फ, आणि मधे तो बिचारा क्रिस्टल. दिवस-रात्रीत १० पीपीएम सरकला तर १८५.३ ला ते १.८५ हर्ट्झ होतात. कानाला हे कळणारही नाही, पण क्यूआरएसएस ६० मध्ये रेघेची जाडी हर्ट्झच्या काही शतांश एवढीच असते, तिथे हा बीकन संध्याकाळी एका शेजाऱ्याच्या दारात आणि पहाटे दुसऱ्याच्या दारात असतो. तक्रारीचं टायमिंग बघा. टक्कर फक्त पहाटेच दिसते, संध्याकाळी नाही, असं असेल तर हे जवळपास नक्की ड्रिफ्टचंच आहे. उपाय म्हणजे साधा क्रिस्टल काढून टीसीएक्सओ (तापमानाची भरपाई करणारा क्रिस्टल ऑसिलेटर) घाला, आणि ऑसिलेटरचा भाग फायनलपासून वेगळ्या छोट्या डब्यात थर्माकोल लावून बंद करा म्हणजे फायनलची उष्णता त्याला लागणार नाही. जीपीएसवर लॉक करता आलं तर प्रश्नच मिटतो. एडी९८५० सारखा डीडीएस (फ्रिक्वेन्सी डिजिटल पद्धतीने तयार करणारी चिप) वापरत असाल तर १२५ मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर त्याची पायरी ०.०२९ हर्ट्झची असते, त्यामुळे यादीत १८५.३०२००० असं सहा दशांश लिहून उपयोग नाही, प्रत्यक्षात जी पायरी मिळाली ती लिहा.

आता चौथी शंका, ती दुसरी रेघ मुळात बीकन आहे का? हा भाग लोक सोडून देतात. आपल्या विजेच्या ६० हर्ट्झच्या हार्मोनिक्स या फ्रिक्वेन्सीपर्यंत आरामात पोचतात, १८५.२८० ही बरोबर ३०८८ वी हार्मोनिक आहे आणि पुढची १८५.३४०. म्हणून सल्ला दिला जातो की मधोमध १८५.३१० ला बसा. कागदावर हे छान दिसतं पण ग्रिडची फ्रिक्वेन्सी नेमकी ६० कधीच नसते, ती ०.०१ हर्ट्झने जरी हलली तरी ३०८८ ने गुणल्यावर ती रेघ जवळपास ३१ हर्ट्झ सरकते, म्हणजे थेट तुमच्या मधोमधच्या जागेवर. म्हणूनच या रेघा स्क्रीनवर सापासारख्या वळत जातात, आणि शेजारच्या सगळ्या रेघा एकाच वेळी एकाच बाजूला वळतात. वळणारी रेघ दिसली तर ६० हर्ट्झ वर आणि ६० हर्ट्झ खाली बघा, तिथेही तसंच वळण असेल तर ती वीज आहे, कुणाचा बीकन नाही आणि कुणाशी बोलूनही जाणार नाही. भारतात हेच ५० च्या पटीत बघायचं.

वीज कंपन्यांचे पॉवर लाइन कॅरिअरही याच भागात असतात, ते लाइनवरून संरक्षणाचे सिग्नल पाठवायला वापरतात. तो कॅरिअर सलग आणि सरळ असतो, मोर्सचा पॅटर्न नसतो. पार्ट १५ मध्ये आपल्याला आलेला त्रास सहन करायचा असतो, म्हणून तिथून आपणच बाजूला व्हायचं. आणखी एक म्हणजे एएम स्टेशनांचं मिक्सिंग. अमेरिकेत ती १० किलोहर्ट्झच्या अंतरावर बसलेली आहेत, त्यामुळे घराजवळ दोन जोरदार स्टेशनं असतील तर त्यांचा फरक रिसीव्हरच्या आत १७०, १८०, १९० अशा जागी उमटतो आणि आजूबाजूला गाणी-बोलणं पसरतं. या हिशोबाने १८५ ची जागा चांगलीच आहे. पूर्व किनाऱ्यावरच्या जुन्या लोकांकडून १८३ पासून लांब राहा असंही ऐकायला मिळेल, ते युरोप १ या लाँगवेव्ह स्टेशनमुळे होतं, पण जर्मनीतल्या फेल्सबर्गहून होणारं ते प्रक्षेपण २०१९ च्या अखेरीस बंद झालं, त्यामुळे तो सल्ला आता सोडून द्या.

हे सगळं बघूनही दोन बीकनच आहेत अशी खात्री झाली तर मग चालू-बंदची चाचणी करा. यासाठी दोघांनी आधी बोलायला हवं, एकतर्फी बंद करून काही कळत नाही. एकाने यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) सम तासांना बंद राहायचं, दुसऱ्याने विषम तासांना, आणि ऐकणाऱ्याने रात्रभर स्क्रीन सेव्ह करायची. तास का, तर क्यूआरएसएस ६० चा वेग लक्षात घ्या. समजा आयडी "टी के" आहे, डॉट हे एक माप धरलं तर टी ची ३ मापं, मधली जागा ३, के ची ९, आणि शेवटी ७ ची विश्रांती, मिळून २२ मापं, म्हणजे एक आयडी पूर्ण व्हायला २२ मिनिटं. अर्ध्या तासाच्या खिडकीत एखादा पूर्ण आयडी मिळेल किंवा मिळणार नाही, तासाभरात दोन तरी हाती लागतात. दुसरा मार्ग लूप अँटेनाचा. दोन बीकन वेगळ्या दिशांना असतील तर लूप फिरवून एकाला नलमध्ये (जिथे सिग्नल जवळपास नाहीसा होतो त्या दिशेत) टाका, दुसरा उघडा पडतो. हे दिवसा करा, तेव्हा ग्राउंडवेव्ह (जमिनीलगत येणारा सिग्नल) असतो आणि नल धारदार मिळतो, रात्री स्कायवेव्ह (वरच्या वातावरणावरून परतणारा सिग्नल) मिसळला की नल बोथट होतो आणि दिशा फसवी येते.

आणि शेवटी खरंच हलायची वेळ आली तर कोणी हलायचं? रिवाज असा की जो नंतर आला त्याने हलायचं. माझं मत वेगळं आहे. ज्याचा बीकन जीपीएसवर लॉक आहे किंवा ज्याच्याकडे पक्का टीसीएक्सओ आहे त्याने हलावं, मग तो जुना असला तरी. कारण आपण कुठे जाऊन बसणार हे फक्त त्यालाच खात्रीने सांगता येतं. साध्या क्रिस्टलवाल्याला "२ हर्ट्झ वर जा" म्हटलं तर तो ट्रिमर फिरवून कुठे जाईल आणि पहाटे कुठे असेल हे त्यालाही माहीत नसतं, मग आठवड्यात तिसऱ्याची तक्रार येते. सरकणाऱ्यांना एका बाजूला ऐसपैस जागा द्यावी, आणि स्थिर असलेल्यांनी दुसऱ्या बाजूला जवळजवळ बसावं, त्यांना अर्ध्या हर्ट्झच्या अंतरावरही त्रास होत नाही. नवीन जागा एका संध्याकाळी रिकामी दिसली म्हणून घेऊ नका, काही रात्री सलग बघा, वर सांगितलेल्या विजेच्या रेघा एखाद्या रात्री तिथे नसतात आणि दुसऱ्या रात्री असतात.

हलल्यावर "आता सिग्नलच गेला" अशी जी तक्रार येते तीही इथेच सांगतो. १५ मीटरच्या तारेची कपॅसिटी १२० पिकोफॅराडच्या आसपास धरली तर तिला १८५ ला रेझोनन्सवर आणायला ६ मिलिहेन्रीच्या जवळ कॉइल लागते. एकूण रेझिस्टन्स ६० ओहम धरला तर बँडविड्थ साधारण दीड किलोहर्ट्झ येते. म्हणजे ५, १०, ३० हर्ट्झ हलल्याने काहीही फरक पडत नाही, ट्यूनिंगला हात लावायचं कारण नाही. पण गर्दीला कंटाळून कोणी १८५ वरून १८९ ला गेला तर कॉइल नव्याने ट्यून करावीच लागते, नाहीतर आधीच मिलीवॅटमध्ये असलेला सिग्नल पार बुडतो. ३० हर्ट्झ हलल्यावर सिग्नल गेला असेल तर कारण पाऊस, बर्फ किंवा सुटलेली अर्थची तार हे आहे, फ्रिक्वेन्सी नाही.

लायसन्सवाल्या बँडवर, म्हणजे १३५.७ ते १३७.८ आणि ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झवर, गणित थोडं वेगळं आहे. अमेरिकेत २०१७ मध्ये हे दोन्ही हॅम्ससाठी (लायसन्स असलेल्या हौशी रेडिओवाल्यांसाठी) उघडले, पण चालू करायच्या ३० दिवस आधी युटिलिटीज टेक्नॉलॉजी कौन्सिलला कळवावं लागतं, आणि त्याच फ्रिक्वेन्सीचा पॉवर लाइन कॅरिअर असलेल्या ट्रान्समिशन लाइनच्या १ किलोमीटरच्या आत स्टेशन असेल तर परवानगी मिळत नाही. शिवाय आपोआप चालणारे बीकन हॅम्सच्या नियमांमध्ये, म्हणजे पार्ट ९७ मध्ये, २८ मेगाहर्ट्झच्या वरच्या ठराविक भागातच चालतात, म्हणून इथे कंट्रोल ऑपरेटर हजर हवा, रात्रभर चालू ठेवून झोपायचं नाही. डब्ल्यूएसपीआर (कमजोर सिग्नलचा डिजिटल मोड) बहुतेकजण इथे वापरतात, ६३० मीटरला, म्हणजे ४७२ ते ४७९ च्या बँडला, डायल ४७४.२ आणि सिग्नल ४७५.६ ते ४७५.८ मध्ये. २०० हर्ट्झची ती खिडकी आणि एका सिग्नलची रुंदी ६ हर्ट्झ, म्हणजे तिशीच्या वर जागा. इथे कायमची जागा कोणी धरत नाही, तरी टक्कर टाळायची असेल तर ट्रान्समिटची टक्केवारी २० च्या आसपास ठेवा आणि ऑडिओ फ्रिक्वेन्सी अधूनमधून बदला. डीकोड अजिबात होत नसेल तर आधी कॉम्प्युटरचं घड्याळ बघा, ट्रान्समिशन सम मिनिटाला १ सेकंद उलटल्यावर सुरू व्हायला हवं. एफएसटी४डब्ल्यू या तशाच पण आणखी हळू मोडचा १८०० सेकंदांचा प्रकार लावणाऱ्यांनी लक्षात ठेवा, त्याची रुंदी ०.४ हर्ट्झच्या आत आहे, साधा क्रिस्टल अर्ध्या तासात तेवढा सहज सरकतो आणि मग सिग्नल जोरात असूनही डीकोड होत नाही.

मदत मागताना एवढं पाठवा: मार्कची (की दाबलेली असतानाची) फ्रिक्वेन्सी, शिफ्ट किती आणि कुठल्या बाजूला, डॉटचा वेळ, आयडी, ग्रिड स्क्वेअर (हॅम्स जागा सांगायला वापरतात तो नकाशावरचा कोड), ऑसिलेटर कुठला, आणि ऐकणाऱ्याने रिसीव्हर कशावर कॅलिब्रेट केला. सोबत संध्याकाळचा एक आणि पहाटेचा एक असे दोन स्क्रीनशॉट, यूटीसी वेळ दिसेल असे. यातला पहाटेचा विसरू नका, बऱ्याच वेळा तेवढ्यावरच उत्तर सापडतं.